चिऱ्याच्या पडवीतला कॉम्प्रेसर: निवड, जोडणी आणि पहिला पावसाळा

५ एप्रिल

घरामागच्या चिऱ्याच्या पडवीत लाकूडकाम आणि जुन्या स्कूटरची दुरुस्ती चालते. तिथे कॉम्प्रेसर घ्यायचा हे नक्की झालं. अट अशी की यंत्र वीस वर्षं टिकावं आणि त्याची निगा इथेच, रत्नागिरीत, घरच्या पान्यांनी राखता यावी. दर बिघाडाला यंत्र टेम्पोत घालून घाट चढवावा लागणार असेल, तर त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो, मी त्याला टिकाऊ म्हणणार नाही.

आधी हवा किती लागणार ते मांडून घेतो. दुकानात पहिला प्रश्न "किती एचपीचा देऊ?" हाच येतो, आणि उत्तर दिलं की पुढचं सगळं त्याच वाटेने जातं. एचपी ही मोटरची ताकद. अवजाराला लागते हवा, आणि ती मोजायची सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

माझी अवजारं: भुसा उडवायला ब्लो गन, १८ गेजचा नेलर (बारीक खिळे ठोकणारा), टायरात हवा, कधीमधी घट्ट नट सोडवायला इम्पॅक्ट रेंच, आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे लॅकर मारायची स्प्रे गन. नेलरला आणि टायरला लागणारी हवा किरकोळ. रेंच थोडा वेळ जोरात ओढतो, मग थांबतो. तेवढं टाकी सांभाळते. स्प्रे गन मात्र ट्रिगर दाबलेला असेतोवर सलग ओढत राहते. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाने पण पुष्कळ हवा ओढणाऱ्या गन, १० ते १४ सीएफएम मागतात; एलव्हीएलपी, म्हणजे दाबही कमी आणि हवाही कमी लागणाऱ्या, साधारण ४ ते ६ मध्ये भागवतात. कपाटाची दारं आणि स्कूटरचे पत्रे एवढंच रंगवायचं आहे, तेव्हा एलव्हीएलपी घ्यायची. हवेवर चालणारा सँडर घेणार नाही. त्याची भूक एचव्हीएलपीच्या तोडीची असते आणि विजेवरचा सँडर आहेच.

म्हणजे ६ बारला (बार हे दाबाचं माप) खरी ६ ते ७ सीएफएम हवा हवी. यातला "खरी" हा शब्द पुढे फार कामाला येणार आहे.

८ एप्रिल

कॅटलॉग घेऊन बसलो. २ एचपीच्या बहुतेक यंत्रांपुढे ९ सीएफएमच्या आसपासचा आकडा छापलेला आहे. हा आकडा पिस्टन किती जागा झाडतो त्याचा असतो, बाहेर किती हवा येते त्याचा नव्हे. स्वतः गणित केलं की लगेच कळतं. एका हेडला, म्हणजे हवा दाबणाऱ्या पंपाला, ६५ मिमीचे दोन सिलिंडर, स्ट्रोक ५० मिमी, वेग मिनिटाला ८०० फेरे. एका सिलिंडरचं आकारमान सुमारे १६६ घन सेंमी, दोघांचं मिळून ३३२. गुणिले ८०० म्हणजे मिनिटाला २६५ लिटर, म्हणजे ९.४ सीएफएम. छापलेला आकडा तो हाच.

प्रत्यक्षात पिस्टन वर गेला तरी थोडी दाबलेली हवा डोक्याशी उरते. पिस्टन खाली येताना आधी ती फुगते आणि तेवढी नवी हवा आत येत नाही. रिंगांतून थोडी निसटते, व्हॉल्व्ह बसायला क्षणभर उशीर होतो, सिलिंडर तापलेला असल्याने आत येणारी हवाही विरळ होते. एका टप्प्याच्या यंत्रात ७ बारला छापील आकड्याच्या ६५ ते ७५ टक्के हवा मिळाली तर यंत्र चांगलं. तिला एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी) म्हणतात आणि मला तोच आकडा हवाय. ९.४ चे ७० टक्के म्हणजे ६.६. माझ्या गरजेला बरोबर बसतं.

टाकीबद्दलही एक गोष्ट लिहून ठेवतो. टाकी मोठी घेतल्याने हवा जास्त तयार होत नाही. १६० लिटरच्या टाकीत दाब ७ वरून ५ बारवर येईपर्यंत ३२० लिटर मोकळी (न दाबलेली, बाहेरच्यासारखी) हवा मिळते, म्हणजे मिनिटाला दीडशे लिटर ओढणाऱ्या गनला दोन मिनिटांची उसंत. फायदा आहे तो मोटर कमी वेळा चालू-बंद होण्याचा आणि हवा टाकीतच निवून पाणी खाली बसण्याचा. दोन्ही गोष्टी आयुष्य वाढवणाऱ्या आहेत, म्हणून ५० लिटरचा विचार सोडला.

१४ एप्रिल

ऑइल फ्री यंत्रं पाहिली. हलकी, स्वस्त, आणि वर मोठ्या अक्षरांत "मेंटेनन्स फ्री". मोटरच्या शाफ्टलाच पिस्टन जोडलेला, म्हणून वेग मिनिटाला २८०० च्या घरात. तेलाऐवजी टेफ्लॉनच्या जातीची रिंग कोरडीच घासत चालते. तेल बदलायचं नाही हे खरं. पण ती रिंग झिजते, आणि झिजली की ती रिंग, पुष्कळदा सिलिंडरसकट, त्याच कंपनीकडून आणावी लागते. चार वर्षांनी ते मॉडेल बाजारात नसेल तर यंत्र भंगारात. पत्र्याच्या छपराखाली आवाजही असा की शेजारी बोललेलं ऐकू येईना.

एअरब्रशवाल्यांना, दातांच्या दवाखान्यांना बिनतेलाची हवा लागते. तिथे ती यंत्रं योग्यच. माझ्या कामासाठी मला तेल घालावं लागणारं यंत्रच कमी कटकटीचं वाटतं. वर्षातून एकदा पाव तासाचं काम आणि त्या बदल्यात बिडाचा सिलिंडर तेलाच्या थरावर सावकाश चालणार.

२० एप्रिल

काकांच्या बागेत बोअरचा जुना कॉम्प्रेसर पडून आहे. सबमर्सिबल पंप घरोघर येण्याआधी बोअरचं पाणी यानेच काढायचे. हवेची नळी खाली सोडायची, हवेचे बुडबुडे पाण्यात मिसळले की ते मिश्रण हलकं होऊन वर चढतं. काका म्हणाले, "ने की, नुसता गंजतोय." हेड दणकट आहे, बीडच आहे, तासन्‌तास चालायची सवय आहे. मोह झाला.

तरी घेतला नाही, आणि कारण नीट लिहून ठेवतो, कारण असं जुगाड करणारे बरेच आहेत. बोअरमध्ये दाब ठरतो तो नळी पाण्यात किती बुडाली आहे त्यावर. १० मीटरला सुमारे १ बार. तीस मीटर बुडवली तर यंत्र जन्मभर ३ बारच्या आसपास चाललं. त्याला टाकी जोडून ७ बारला चालवायचं म्हणजे बेअरिंग, रिंग, व्हॉल्व्ह, मोटर सगळ्यांवर दुपटीहून जास्त भार. शिवाय त्याला टाकी भरली की मोटर बंद करणारा प्रेशर स्विच नाही, मोटर थांबल्यावर हेडवरचा दाब सोडायची सोय नाही. ते सगळं नवीन घालायचं तर नवा कॉम्प्रेसर का नको?

२७ एप्रिल

हातखंब्याच्या बाजूला महामार्गावर एक टायरवाले काका आहेत. त्यांच्याकडचं यंत्र मी कॉलेजात असल्यापासून बघतोय. आज मुद्दाम थांबलो. विचारलं, "काका, हेड शेवटचं कधी उघडलंत?" म्हणाले, "व्हॉल्व्ह साफ करायलाच काढतोय, बसा." याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

वरचे बोल्ट सैल केले, सिलिंडरवरचं झाकण उचललं, खाली व्हॉल्व्ह प्लेट. तिच्यावर स्टीलच्या पातळ पट्ट्या, बोटाएवढ्या लांब, एका टोकाला स्क्रूने धरलेल्या. हवा आत घेताना एक पट्टी वाकते, बाहेर टाकताना दुसरी. आत घेणारी बाजू जवळजवळ स्वच्छ होती. बाहेर टाकणाऱ्या बाजूला काजळीचा काळा, चकचकीत थर होता, नखाने निघेना. काकांनी प्लेट डिझेलात बुडवली, पितळी ब्रशने घासली, मग पट्टी उजेडाकडे धरून कडेला चीर आहे का ते फिरवून फिरवून पाहिलं. ही काजळी पट्टीखाली अडकली की गरम हवा परत सिलिंडरमध्ये येते, तीच पुन्हा दाबली जाते, आणखी तापते, आणखी काजळी धरते. यंत्राला हवा भरायला वेळ लागायला लागला की बहुतेक वेळा दुखणं इथेच असतं.

तेलाबद्दल ते ठाम होते: "गाडीचं ऑइल घालू नका. कॉम्प्रेसरचंच घाला." कारणही बरोबर आहे. इंजिन ऑइलमध्ये मळ आणि पाणी तरंगत ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात; इंजिनात ती हवीत. कॉम्प्रेसरला असं तेल हवं ज्यातून पाणी वेगळं होऊन खाली बसेल आणि जे तापलेल्या व्हॉल्व्हवर कमी काजळी धरेल.

मला जे ठरवायचं होतं ते या भेटीत ठरलं. मंद वेग, बिडाचं हेड, पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारं, आणि ज्याची व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट आणि रिंग कोल्हापुरात दुकानात सहज मिळते असं मॉडेल. टायरवाल्यांकडे जे हेड जास्त दिसतं त्याचे सुटे भाग सगळीकडे मिळतात; यापेक्षा भरवशाची शिफारस मला माहीत नाही.

३ मे

विजेचा हिशेब. घरी सिंगल फेज आहे, म्हणून २ एचपीच्या वर जायचं नाही. एवढी मोटर चालताना १० ते १२ अँपिअर घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट. मीटरपासून पडवी २० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याची तार. अडीच चौमिमीची तार घातली तर सुरुवातीच्या ६० अँपिअरला तिच्यातच १८ व्होल्ट जातात. चार चौमिमीला ११. आमच्याकडे संध्याकाळी मुळातच व्होल्टेज उतरतं, तेव्हा हे सात व्होल्ट महत्त्वाचे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: २३० ऐवजी १८० मिळाले तर जोर ६१ टक्क्यांवर. मोटर घुमते, फिरत नाही, कपॅसिटर आणि वाइंडिंग तापतं. चार चौमिमीची वेगळी लाइन ओढायची, अर्थिंगसकट. एक्स्टेन्शन बोर्डवर कॉम्प्रेसर कधीच नाही. लांब लागलीच तर हवेची नळी लांब करायची.

११ मे

आंबा घाटातून कोल्हापूर, उद्यमनगर. इथे दुकानदाराच्या शेजारीच दुरुस्ती करणारा बसलेला असतो, त्यामुळे विकणारा फार फेकाफेक करत नाही.

कोइमतूरच्या कंपनीचं, दोन सिलिंडरचं, २ एचपी, १६० लिटरचं यंत्र पाहिलं. सिलिंडरची मापं मी गणितात धरली होती तीच. मोटर १४४० फेऱ्यांची, पुली ७ इंची, फ्लायव्हील १३ इंची, म्हणजे हेडचा वेग ७७५. म्हटलं, "भाऊ, चालवून दाखवा, घड्याळ लावतो." त्यांनी काही खळखळ केली नाही.

चाचणी सोपी आहे. सगळे कॉक बंद करून दाब ४ बारवरून ७ वर जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. १६० लिटर गुणिले ३ म्हणजे ४८० लिटर मोकळी हवा आत गेली. वेळ लागला २ मिनिटं ३५ सेकंद. भागाकार १८६ लिटर, म्हणजे ६.६ सीएफएम. पिस्टनचं झाडणं ७७५ फेऱ्यांना २५७ लिटर, त्याचे ७२ टक्के. टाकीतली हवा गरम असल्याने हा आकडा किंचित फुगलेला येतो, हे धरूनही समाधानकारक. टाकीवरचा दाबाचा काटा खरा आहे का हे बघायला दुसरा प्रेशर गेज लावून घेतला.

मग स्विच पडल्यावर कान दिला. मोटर थांबताच प्रेशर स्विचखालच्या बारीक नळीतून "फुस्स" असा आवाज यायलाच हवा. हेड आणि टाकी यांच्यामधल्या पाइपातली दाबलेली हवा सुटल्याची ती खूण. ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटर भारासकट सुरू होते आणि जळते. आवाज स्पष्ट आला, आणि लगेच थांबला. थांबला नसता तर टाकीतली हवा मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळका.

जुनी टाकी आणि नवं हेड असा स्वस्त पर्यायही पुढे आला. टाकी बाहेरून छान रंगवलेली होती. नाही म्हटलं. टाकी आतून गंजते, तळाला, जिथे पाणी साचतं तिथे, आणि बाहेरच्या रंगावरून त्याचा काही पत्ता लागत नाही. हातोडीने वाजवून पत्र्याची जाडी कळत नाही. नव्या टाकीबरोबर हायड्रो टेस्टचा दाखला आला: काम १० बारला, चाचणी १५ ला. ही चाचणी पाणी भरून करतात, कारण पाणी जवळपास दबत नाही. सांधा उसवला तर पाणी नुसतं गळतं. तेच हवेने केलं तर स्फोट होतो.

यंत्र घेतलं. सोबत व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केटचा संच, एक जादा पट्टा आणि व्हीजी १०० (दाटपणाची श्रेणी) चं तेल. भाग आज मिळतात तर आजच घेऊन ठेवायचे.

१९ मे

यंत्र जागेवर बसवलं. पडवीच्या आत नको, भुशात श्वास घेईल. म्हणून मागच्या भिंतीला टेकून वेगळं छप्पर आणि बाजूला जाळी. फ्लायव्हील भिंतीपासून दीड फूट लांब. फ्लायव्हीलचे आरे पंख्यासारखे असतात आणि हवा हेडकडे ढकलतात. म्हणून फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे ना ते आधी पाहिलं. उलट फिरलं तरी हवा भरते, पण हेड तापून जातं.

पाय जमिनीला बोल्टने आवळले नाहीत. जमीन थोडी वर-खाली असली की आवळलेल्या टाकीच्या पायांच्या वेल्डवर कायमचा ताण राहतो आणि तिथे चीर पडते. रबरी पॅडवर ठेवलंय. ड्रेनच्या, म्हणजे टाकीतलं पाणी सोडायच्या कॉकच्या, बाजूला यंत्र बोटभर कलतं ठेवलं.

ड्रेन कॉक टाकीच्या बरोबर पोटाखाली येतो. रोज गुडघे टेकून वाकून पिळायला लागला तर आठवड्यात कंटाळा येणार, हे नक्की. तो काढून तिथे एल्बो, फूटभर जाड नळी आणि बाहेरच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह बसवला. आता उभ्याउभ्या मुठीने फिरवता येतो. या सगळ्या कामात आयुष्य वाढवणारी जर एकच जोडणी करायची असेल तर मी ही करेन.

२ जून

पाइपलाइन. दुकानात पीव्हीसी सुचवला होता, "सगळे तोच घालतात" म्हणून. पाण्याला तो उत्तम, हवेला नको. दाबलेली हवा साठवलेल्या स्प्रिंगसारखी असते आणि उन्हा-तेलाने ठिसूळ झालेला पीव्हीसी फुटला तर त्याच्या कपच्या उडतात. अर्ध्या इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप) घातला, आठेक मीटर, मीटरला सेंटिमीटर उतार देऊन. टाकी ते पाइप मध्ये रबरी नळीचा तुकडा, म्हणजे थरथर पुढे जात नाही. प्रत्येक जोड पाइपच्या वरच्या बाजूने काढून मग खाली वळवला, त्यामुळे पाइपात वाहणारं पाणी गनकडे न वळता पुढे जाऊन टोकाच्या कॉकपाशी जमतं.

पाणी गाळणारा आणि दाब ठरवणारा फिल्टर-रेग्युलेटर टाकीजवळ न लावता लाइनच्या शेवटी लावला. साधा फिल्टर पाण्याचे थेंब धरतो, वाफ धरत नाही. टाकीजवळ हवा गरम असते, पाणी अजून वाफेतच असतं आणि फिल्टरमधून सरळ निघून जातं. पुढे थंड नळीत त्याचे थेंब होतात आणि लॅकरवर पांढुरके डाग पडतात.

सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले. युनियनपाशी बारीक फेस दिसला, आवळला, थांबला.

१३ जुलै

पाऊस लागला आहे. आज पंप एकूण तासभर चालला असेल, आणि ड्रेनमधून निघालेलं पाणी मापात धरलं: २०० मिलीच्या थोडं वर. तांबूस नाही, फक्त दुधट, थोडं तेलकट.

गणिताशी ताडून पाहिलं. २८ अंशांना ९० टक्के दमट हवेत घनमीटरमागे सुमारे २४.५ ग्रॅम पाणी असतं. ७ बारला (बाहेरच्या हवेचा १ बार धरून ८) तिचं आकारमान आठवा हिस्सा होतं. टाकीत ३५ अंश धरले तर एका घनमीटर जागेत फार तर ४० ग्रॅम वाफ राहू शकते, म्हणजे आठव्या हिश्शात ५. उरलेलं साडेएकोणीस ग्रॅम पाणी झालंच पाहिजे. तासाला ११ घनमीटर हवा, म्हणजे २१५ मिली. मापाशी जुळलं, फार बरं वाटलं.

हीच हवा देशावर डिसेंबरात ४० टक्के दमट असेल तर घनमीटरमागे जेमतेम ६ ग्रॅम निघतील. म्हणजे कोकणात पावसाळ्यात टाकीला तिप्पट पाणी झेलावं लागतं. आठवड्याला एकदा ड्रेन करा असं पुस्तकात लिहिलंय. आपल्याकडे काम संपलं की रोज, आणि दाब २ बारवर असताना, म्हणजे पाणी जोराने निघतं आणि हवा फार वाया जात नाही.

लॅकर पावसाळ्यात मारायचंच नाही असं ठरवलंय. लाइन कितीही कोरडी केली तरी पडवीतली हवाच ओली आहे.

१७ ऑगस्ट

यंत्र साधारण ५० तास चाललं, पहिलं तेल बदललं. गरम असतानाच काढलं. तळाला करड्या रंगाची बारीक पूड होती, नव्या रिंगा सिलिंडरशी बसताना पडते ती. काचेच्या खिडकीच्या मध्यावर लाल ठिपका आहे, नवं तेल तिथपर्यंतच. वर भरलं तर जास्तीचं तेल हवेबरोबर पुढे जातं.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर दीडेक सेंमी दबत होता. मोटर रुळावर थोडी मागे सरकवून एक सेंमीवर आणला. फार ताणला तर बेअरिंग जातं. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून पाहिली, उडाला आणि पुन्हा नीट बसला. हवेचा फिल्टर झटकला. फेल्ट अजून पांढराच आहे, यंत्र बाहेर ठेवल्याचा हा फायदा.

गळती पाहायला रात्री ७ बारवर मोटर बंद करून ठेवली होती, सकाळी काटा साडेसहाच्या खाली. थोडा भाग हवा निवल्याचा, पण सगळा नाही. संशय नळीच्या क्विक कपलरवर आहे. कपलरच्या आतली रबरी रिंग बदलायची, आणि पुढच्या वेळी टाकीचा कॉक बंद ठेवून पुन्हा मोजायचं, म्हणजे गळती टाकीकडची की लाइनकडची ते कळेल.